बिनपंख्याच्या विमानाची चौकशी

पोरींनो, जरा जवळ सरका. कुणी पुण्याला, कुणी जामखेडला, कुणी पार बार्शीच्या पलीकडं, अशा लांब लांब बसून माहेरचं तुम्हाला ऐकू येणार तरी कसं? दोन ओळी लिहायच्या नाहीत, कुणी येणाऱ्याजाणाऱ्याकडं विचारायचं नाही, आणि काष्टीच्या बाजारात कुणी काही बोललं की ते मात्र तिखटमीठ लावून पुढं पाठवायचं. आक्का विमानात बसून आल्या, असं म्हणे तुमच्यापर्यंत पोचलंय. एकीनं तर निरोप धाडला की आक्का, वर गेल्यावर कान दुखले का? बाई, माझे कान दुखले ते तुमचे निरोप ऐकून. मी गेले होते भिंगारला. एसटीनं. आणि परत आले तीही एसटीनं, खिडकीची जागासुद्धा मिळाली नाही.

विमानाचा संबंध आला तो असा.

आपल्या दौलतची शालन तुम्ही पाहिलीत तेव्हा परकरात असेल, आता मॅट्रिक झाली. दौलत माझा धाकटा भाऊ, म्हणजे मी तिची आत्या. तिला भिंगारचं स्थळ आलं. मुलाचे वडील बाबूराव, लष्कराच्या कोठारात नोकरीला. त्यांचं पत्र आलं ते मीच वाचून दाखवलं, कारण दौलतला चष्मा सापडत नव्हता आणि हौसाला, म्हणजे माझ्या भावजयीला, वाचता येत नाही. ‘चिरंजीव माधव हे लढाऊ विमानाचे वैमानिक असून निर्व्यसनी आहेत,’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं. वैमानिक या शब्दाखाली तर रेघ मारली होती. मी वाचता वाचता मोठ्या कौतुकानं वर बघितलं, तर हौसा भाकरी थापायची थांबली होती.

“नको,” ती म्हणाली.

“अगं, पुढचं तरी ऐक.”

“पुढचं काय ऐकायचं, वन्सं? इमान वर गेलं की म्या आभाळाकडं बघू का पोरीच्या कपाळाकडं?”

तिचंही चूक नव्हतं. लढाई झाली त्या हिवाळ्यात आपल्या उसावरून विमानं जायची ती आठवतात ना? आवाज आला म्हणून वर बघावं तर विमान केव्हाच पुढं गेलेलं, आणि आवाज मागून फरफटत येतोय. रेडिओवर बातम्या लागायच्या तेव्हा हौसा उठून गोठ्यात जायची. जावई जमिनीवर पाय असलेला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

दौलतला स्थळ सोडवत नव्हतं आणि बायकोपुढं बोलवत नव्हतं. असं झालं की त्याला माझी आठवण होते. “आक्के,” तो म्हणाला, “आपुन घर तरी बघून येऊ. तू बघितलंस म्हंजे झालं.” 

निघायच्या आदल्या दिवशी शालन माझ्या मागं मागं फिरत होती. मी विचारलं, तुझं काय म्हणणं?

“आत्या, ती माणसं आली की मला सुईत दोरा ओवायला लावतील. चालून दाखव म्हणतील. खाली मान घालून मी ते करीन. पण माझाही एक प्रश्न त्यांना विचारशील?”

“किती पगार?”

“ते अण्णा विचारतील, मुलीचे वडील म्हणून. पुस्तकातल्या चित्रात विमानाला पुढं पंखा असतो. लढाईत गेली त्या विमानांना पंखा नव्हता. मग ती पुढं जात होती कशानं?”

“आणि बरोबर सांगितलं तर?”

“तर पुढचं बोलू,” म्हणाली, आणि घागर घेऊन निघून गेली. बघा, आपल्या वेळी आपण नवऱ्याचं नाव विचारायला लाजत होतो.

सोमवार, श्रीगोंदा ते भिंगार

रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी घरच्या गुऱ्हाळाची काकवी घेतली होती, वनस्पती तुपाच्या डब्यात. झाकण दौलतनं लावलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. डबा वरच्या फळीवर ठेवला, गाडी निघाली, आणि मांडवगण मागं पडल्यावर समोरच्या बाकावरच्या एका बागवान चाचांनी आपल्या पांढऱ्या टोपीला हात लावला. मग बोटं बघितली. मग वर बघितलं. वरून काकवीची तार शांतपणे त्यांच्या टोपीवर उतरत होती.

मी दौलतकडं बघितलं. दौलत खिडकीबाहेर बघू लागला. त्याला अचानक लोकांच्या ज्वाऱ्या फार आवडल्या.

चाचांनी बोट चाखलं. “औंदाची?”

“औंदाचीच. घरच्या उसाची.”

“मग जाऊ द्या,” ते म्हणाले. “कारखान्यावर ऊस जायला लागल्यापासून अशी काकवी मिळते कुठं?” डबा खाली घेतला, झाकण नीट बसवलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवून नगर येईपर्यंत गप्पा मारल्या. भिंगारच्या बाजारात त्यांचं फळांचं दुकान. मी बाबूरावांचं नाव काढलं.

“मिशीवाले? वळखीचे हायेत की. त्यांचा माधव रजेवर आला की आमच्या घरचा स्टोव्ह दुरुस्त करून देतो. लई गुणी पोरगा. काम हाती घेतलं की तोंडातून शब्द न्हाई.”

मी ते मनात ठेवलं. लढाऊ विमान चालवणारा माणूस सुट्टीत लोकांचे स्टोव्ह का दुरुस्त करेल? दौलतला म्हटलं तर तो म्हणाला, “हौस असंल.”

भिंगार तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. बाजार आपल्यासारखाच, गर्दीचा आणि गुळाच्या माशांचा. पण लष्कराच्या बाजूला वळलं की रस्ते दोरी लावून आखलेले, आणि झाडांच्या बुंध्यांना सुद्धा चुना आणि गेरू. झाडंही सरळ रांगेत उभी. आपल्याकडच्या बाभळीला असं उभं राहा म्हटलं तर ती काटे दाखवेल.

घर दोन खोल्यांचं, सरकारी. आपल्याकडं पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी. तिथं नळाची वेळ होऊन गेलेली, म्हणून आधी चहा आणि मग तांब्याभर पाणी, ते पायांना की प्यायला हे आपण ठरवायचं. बाबूरावांच्या मंडळी सोनाबाई. त्यांनी ते पाणी देताना इतकं लाजून दिलं की मी अर्धंच वापरलं. घर बघायला गेलं की काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी पिठाच्या डब्याचं झाकण उघडून बघितलं, पीठ चाळलेलं. माठाखालची जागा बघितली, कोरडी. सोनाबाईंनी मला बघताना बघितलं आणि हसून म्हणाल्या, “सांडशी मागच्या खुंटीला हाय, ती बी बघून घ्या.” बाई मला तिथंच आवडली.

जेवायला बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, आणि शेंगदाण्याची चटणी इतकी लालभडक की दौलतनं तीन वेळा पाणी मागितलं. नळाची पुढची वेळ मात्र अजून झाली नव्हती. माधव वाढत होता. उंच, सावळा, नखं कापलेली, पण नखांच्या कडेला काळं, घासून न जाणारं. जेवताना बाबूरावांनी मिशीला हात लावला आणि सुरू केलं.

“आमचा माधव म्हणजे दौलतराव, सकाळी चहा घेऊन विमान काढतो, ते ढगांच्या वर. खाली नदी म्हणजे दोरा दिसते दोरा.”

“व्हय का,” दौलत म्हणाला.

“गिरकी घेताना डोकं खाली, पाय वर. तरी याला चक्कर नाही.”

मी माधवकडं बघत होते. तो दौलतच्या ताटात भाकरी वाढत होता, आधीची संपली नव्हती तरी. त्याचे कान लाल झाले होते. सोनाबाई चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या, आणि चूल तर पेटलेलीच नव्हती.

माझ्या मनात आलं, वडील सांगतायत ते खरं असेल तर हौसा पोर देणार नाही. खोटं असेल तर खोटं बोलणाऱ्या घरात मी पोर देणार नाही. दोन्हीकडून शालनचं स्थळ गेलंच. मला मुलगा आवडला होता, म्हणून घास गोड लागेना.

मंगळवार, स्टोव्हपाशी

सकाळी सोनाबाईंचा स्टोव्ह भडकायला लागला. माधव पिन घेऊन बसला. बाबूराव अंगणाच्या कडेला आरसा टांगून दाढी करत होते, दौलत दारात तंबाखू मळत होता. मी पाट ओढून माधवजवळ बसले.

“माझ्या भाचीचा एक प्रश्न आहे,” म्हटलं, आणि विचारला.

त्यानं हातातली पिन खाली ठेवली. “त्यांनी विचारलं?”

“त्यांनीच. का? पोरीनं विचारू नये?”

“नाही, नाही. मला आजवर घरात हे कुणी विचारलं नव्हतं.” मग तो बोलू लागला ते कॉम्प्रेसर, टर्बाइन, आणखी कसलं कसलं. मी हात वर केला.

“बाबा, ही तुझ्या घरची भांडी झाली. माझ्या घरच्या भांड्यांत वाढ.”

तो हसला. पहिल्यांदाच हसला. “आत्या, गुऱ्हाळाचं चुलवण पाहिलंय ना?”

“त्याच्या धुरात जन्म गेला.”

“चुलवणाला वारा कमी पडला तर?”

“जाळ गुदमरतो आणि आम्हीही.”

“तसंच हे. विमानाच्या पोटात एक नळकांडं असतं, दोन्ही तोंडं उघडी. मधे जाळ. त्या जाळाला भरपूर हवा लागते, म्हणून पुढच्या तोंडाशी पात्यांची चाकं, एकामागं एक. ती बाहेरची हवा ओढतात आणि दाबत दाबत आत कोंबतात. पंखा नाही असं नाही, आत्या. पंखा पोटात आहे म्हणून दिसत नाही. हवा इतकी दाबली जाते की दाबूनच तापते.”

“हवा दाबून कशी तापेल?”

“सायकलीत हवा भरताना पंप हाताला कसा लागतो?”

“चटका बसतो की,” दारातून दौलत म्हणाला. तंबाखू मळायची थांबली होती.

“त्या तापलेल्या हवेत रॉकेलचा फवारा सोडायचा.”

“कंदिलातलं रॉकेल?”

“त्याच जातीचं. जास्त शुद्ध केलेलं.”

“म्हणजे आम्ही बाटली घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि रॉकेल गेलं कुठं तर वर ढगात.”

“यात माझा हात नाही, आत्या,” तो म्हणाला, आणि चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद घेऊन कात्रीनं त्याची दोन भिरभिरी केली. सायकलच्या चाकाची एक तार घेतली. एक भिरभिरं तारेच्या खालच्या टोकाला, दुसरं वितभर वर, दोन्ही घट्ट बसवलेली. तार बोटांच्या चिमटीत सैल धरून त्यानं खालचं भिरभिरं स्टोव्हच्या वर, जाळापासून हातभर उंच धरलं. गरम वाऱ्यानं ते फिरायला लागलं. आणि वरचं, ज्याला जाळ लागतही नव्हता, तेही त्याच्याबरोबर फिरायला लागलं.

“आता ही तार आडवी आहे असं समजा. जाळातून जो वारा सुसाट मागं निघतो तो जाता जाता मागचं चाक फिरवतो. मागचं आणि पुढचं एकाच दांड्यावर. त्यामुळं पुढचं फिरतं आणि पुन्हा हवा ओढतं. ती हवा जाळाला मिळते. जाळ आपल्याच वाऱ्यानं आपला भाता ओढतो.”

मी बघत बसले. सोनाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. मला वाटतं त्यांनीही पहिल्यांदाच बघितलं.

“आणि पुढं जातं ते? मागच्या हवेला रेटा देऊन?”

“सगळ्यांना तसंच वाटतं. पण मागं टेकायला काही लागत नाही. एवढा वारा जोरानं मागं फेकला की फेकणारा पुढं ढकलला जातो. तुमच्या मळ्यात पाण्याचं इंजिन आहे?”

दौलत उठून आत आला. “हाय. आन् मागल्या साली पाइपाचं तोंड मोकळं धरलं हुतं म्या. पानी आलं तसा पाइपानं मलाच मागं ढकलला. पार चिखलात.”

“तेच, मामा. तुम्ही मागं गेलात तसं विमान पुढं जातं.”

दौलत इतका खूश झाला की जणू त्यानं ते इंजिन शोधून काढलं. मला मात्र अजून विचारायचं ते राहिलंच होतं. मी आवाज न चढवता विचारलं, “आणि मग तू त्यात बसून ते वर नेतोस?”

अंगणात वस्तरा थांबला. माधवनं वडिलांकडं बघितलं नाही. स्टोव्ह बंद केला, लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावून बंद केला.

“नाही, आत्या. मी खाली असतो. इंजिनं खोलतो, पाती तपासतो, चीर गेली असेल तर बदलतो, आणि ठीक आहे म्हणून सही करतो. वर दुसरे जातात.”

बाबूराव आत आले. अर्ध्या गालाला साबण, आणि अर्धी मिशी त्याच फेसात. आदल्या दिवशीचा माणूस तो नव्हेच.

“मेकॅनिक लिहिलं होतं आधी,” ते खाली बसत म्हणाले. “दोन ठिकाणी लिहिलं. एकांनी विचारलं, दुकान कुठं आहे? दुसऱ्यांनी विचारलं, सायकली पण करतो का? पोरगा एवढं शिकला, बाई. माझ्याच्यानं ते ऐकवेना.”

“म्या तवाच म्हनलं हुतं,” सोनाबाई म्हणाल्या.

“अहो बाबूराव,” मी म्हटलं, “तुमच्या त्या एका रेघ मारलेल्या शब्दापायी आमची भावजय नाही म्हणून बसलीय. तुम्ही उंची वाढवायला गेलात आणि तिला तर तो खाली पाहिजे.”

त्यांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी साबण पुसला, तोही उपरण्याला.

बुधवार, घरी

घरी येऊन मी हौसापुढं सगळं मांडलं. चंदेरी कागद मीही आणला होता. तार चुलीवर धरली, भिरभिरं छान फिरलं, आणि गळून आमटीत पडलं. ते काढेपर्यंत मी बोलत राहिले. माधव खाली असतो, वर जात नाही, वडील फुगवून बोलले, मुलानं त्यांच्यादेखत खरं सांगितलं.

हौसा म्हणाली, “बापानं एकदा फशीवलं. पोरगं कशावरनं न्हाई?”

शालन आमटीतून निघालेलं भिरभिरं पुसत होती. “आत्या, पुढचं चाक कोण फिरवतं?”

“मागचं.”

“मागचं?”

“जाळाचा वारा.”

“आणि जाळाला हवा?”

“पुढचं चाक. सांगितलं की.”

“मग अगदी पहिल्यांदा कोण फिरवतं?”

मी दौलतकडं बघितलं. दौलत छताकडं बघू लागला. दोन दिवस भिंगारला जाऊन आम्हा दोघांना हे सुचलं नव्हतं.

तेव्हा शालननं जे केलं ते आपल्या गावात आजवर कुणी केलं नाही. पोस्टकार्ड घेतलं आणि स्वतः लिहिलं. न जमलेल्या लग्नाच्या मुलाला, उघडं कार्ड. दौलतनं नाही म्हटलं नाही, कारण त्यालाही आता उत्तर पाहिजे होतं. हौसानं मला खुणेनं बाजूला घेतलं. “वन्सं, खाली माझी बी एक वळ घाला. तुमी इमानात कवाच बसत न्हाई ना, असं इचारा.” मी घातली.

उघडं कार्ड म्हटल्यावर काय होणार? पोस्टमननं वाचलं. मग तो रोज दुसऱ्यांचीच पत्रं घेऊन आमच्या दारावरून जाताना विचारायचा, “आलं का हो उत्तर?” जसं काही पत्र त्याच्याखेरीज आणखी कुणी आणणार होतं.

आठवड्यानं तो पाकीट नाचवत आला आणि ओट्यावर बसला. उठेचना. मग त्याच्यासमोरच मी वाचलं.

माधवनं चित्र काढलं होतं. लिहिलं होतं, प्रश्न अगदी बरोबर आहे. पहिल्यांदा आतला दांडा बाहेरच्या जोरानं फिरवावा लागतो, त्यासाठी लहान मोटार असते. चाकांनी पुरेसा वेग घेतला, हवा आत भरू लागली, की रॉकेल सोडून जाळ पेटवायचा. मग इंजिन स्वतःच्या जोरावर फिरतं आणि मोटारीचं काम संपतं.

“मला वाटलंच हुतं,” पोस्टमन म्हणाला.

खाली हौसाच्या ओळीचं उत्तर होतं. मी आधी मनात वाचलं आणि मला वाटलं, संपलं. वाचावं की गाळावं? पण शालन माझ्या खांद्यावरून वाचत होती, म्हणून मोठ्यानं वाचलं.

‘आईंना सांगावे, की कधीच नाही असे मला लिहिता येणार नाही. बदली झाली किंवा दूरच्या तळावर इंजिन बिघडले तर सामानाच्या विमानातून जावे लागते. वर्षातून एकदोनदा.’

हौसानं हातातलं सूप खाली ठेवलं. शालन तिच्याकडं बघतच नव्हती, चित्राकडंही नाही.

“वन्सं,” हौसा म्हणाली, “न्हाई म्हून लिवलं असतं त्यानं, तर आपल्याला कळलं असतं का?”

“कुठून कळणार?”

“मग लिवलं का न्हाई?”

तिनं सूप परत उचललं, दोनदा पाखडलं, आणि सुपाकडंच बघत दौलतला म्हणाली, “त्यान्ला लिवा, पोरगी बघायला या म्हनावं. आन् सुईदोरा न्हाई. पोरीला काय इचारायचं ते पोरानंच इचारू द्या.”

ते आले, विचारलं, जमलं. काय विचारलं ते शालन सांगत नाही, आणि मी पडद्यामागं उभी होते तरी मला ऐकू आलं नाही, यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण सोनाबाई नेमक्या तेव्हाच मला त्यांच्या चटणीची कृती सांगत होत्या. लग्न वैशाखात आहे. हौसा आता वर विमान गेलं की बाहेर येऊन बघते आणि शेजारणीला सांगते, त्याच्या पोटात पंखा असतो. 

तर पोरींनो, खरं ते असं आहे. शेवया, कुरडया, पापड सगळं व्हायचंय आणि इथं हात आहेत चार, त्यातले दोन माझे, संधिवाताचे. फाल्गुन संपायच्या आत या. पत्रिकेची वाट बघू नका, नवऱ्याला भाजी-भाकरीचं सांगून ठेवा, लेकरं सोबत आणा, आणि चार दिवस राहायच्या बेतानं या.